चौकातली सम सर्वांची

चार मोटारवाले आणि एक सायकलवाला एका ओसरीवर जमले की हा वाद हमखास निघतो. मोटारवाले म्हणतात, "परवाना आम्ही काढायचा, विमा आम्ही भरायचा, तांबड्या दिव्याला आम्ही थांबायचे आणि चुकलो तर दंडही आम्हीच भरायचा, आणि या सायकलवाल्यांनी दिवा तांबडा असो की हिरवा, खुशाल मधून घुसायचे! यांना काही कायदा आहे की नाही?" सायकलवाला एकटा असतो. तो हळूच म्हणतो, "अहो, तुमच्या मोटारीला माझी सायकल लागली तर रंग जातो, माझ्या सायकलीला तुमची मोटार लागली तर मीच जातो." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते आणि म्हणूनच हा वाद चहाबरोबर सुरू होऊन चहाबरोबर संपत नाही.

सायकलस्वारांनी मोटारवाल्यांचेच सगळे नियम पाळावेत की त्यांच्यासाठी वेगळा न्याय असावा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलवर बसलेली होती. दूध घालणारा, वर्तमानपत्र टाकणारा, रात्रपाळीचा पहारेकरी, बांधकामावरचा सुतार अशी माणसे रोज पोटासाठी सायकल मारतात. ओसरीवरच्या वादात त्यांच्यापैकी कोणी नसते. निकाल मात्र त्यांच्याच जिवावर लागतो.

आपल्याकडची जुनी मंडळी हा विषय निघाला की मागच्या काळात जातात आणि ते स्वाभाविकच आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली या संस्थानात बसगाड्या सुरू केल्या तेव्हा सगळ्या मिळून २७ गाड्या होत्या. मोटार जहागीरदारांची आणि बड्या अधिकाऱ्यांची. बाकीच्यांनी पायी जावे, टांगा करावा, नाही तर सायकल काढावी. काचीगुड्याहून उस्मानिया विद्यापीठाकडे, सुलतान बाजारातून आबिदकडे, बडीचौडीहून जांबागेतल्या विवेकवर्धिनीकडे घराघरांतली मुले सायकलीवरून जात. ज्यांना ती विकत घेणे परवडत नसे त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने असत आणि त्या दुकानांना आपल्या या भागात 'सायकल टॅक्सी' असे भारदस्त नाव होते. पुण्यामुंबईकडचे पाहुणे ते नाव ऐकून हसत. पण अर्धा तास सायकल फिरवून परत करणाऱ्या मुलाला आपण खरोखरच टॅक्सीतून हिंडून आलो असे वाटे, हेही खोटे नाही.

त्या काळी सायकलीला नियम नव्हते असे मात्र कोणी समजू नये. सायकलींचे शहर म्हणून ज्याचा लौकिक होता त्या पुण्यात सायकलीचा कर भरून बिल्ला लावावा लागे. रात्री दिव्याशिवाय निघालात किंवा कोणाला डबलसीट घेतलेत तर चौकातला पोलीस अडवी. आज हे नियम आठवून आपण हसतो. पण त्यांची घडण नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. ते सायकलीच्या मापाने बेतलेले होते. अंधारात दिसावे म्हणून दिवा आणि तोल जाऊ नये म्हणून एकच स्वार, इतकी साधी त्यांमागची दृष्टी होती. मोटारीचा अंगरखा काढून सायकलीला घालण्याचा खटाटोप त्यांत नव्हता.

आता आजचा कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या व्याख्येत साधी सायकल बसत नाही, कारण ती यंत्रशक्तीवर चालत नाही. म्हणून सायकलस्वाराला परवाना लागत नाही, क्रमांकाची पाटी लागत नाही आणि विमाही लागत नाही. ठरावीक मर्यादेतल्या विजेच्या सायकली, म्हणजे ज्यांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे अशा, त्याही या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. एवढ्यावरून सायकलवाला कायद्याच्या बाहेर आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चूक होईल. सार्वजनिक रस्त्यावर माणसांच्या जिवाला धोका होईल अशा बेपर्वाईने कोणतेही वाहन हाकणे किंवा स्वारी करणे हा १८६० च्या दंडसंहितेत गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे. 'कोणतेही वाहन' म्हटल्यावर त्यात सायकल आलीच. शिवाय या शहरातल्या रहदारीचे नियमन करण्याचा पोलीस आयुक्तांचा अधिकार ज्या कायद्यातून येतो, तो हैदराबाद शहर पोलीस कायदा आहे १३४८ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९३८-३९ चा! संस्थान गेले, फसली सन व्यवहारातून गेला. पण चौकात शिट्टी वाजते ती आजही त्या सनाच्या आधाराने. तेव्हा 'यांना कायदा नाही का' या प्रश्नाचे सरळ उत्तर 'आहे' असे आहे. खरा प्रश्न, तो कायदा मोटारीइतकाच आणि मोटारीसारखाच असावा का, हा आहे.

येथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. माणूस आणि सायकल मिळून वजन ९० किलो धरू आणि वेग ताशी १५ किलोमीटर. लहानशा मोटारीचे वजन १,२०० किलो धरू आणि वेग ताशी ५०. आदळण्याचा जोर वजनाच्या पटीत वाढतो आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे. हा हिशेब मांडला तर मोटारीच्या अंगी सायकलीच्या सुमारे दीडशे पट जोर असतो. ज्याच्या हाती दीडशे पट जोर आहे त्याच्यावर आणि ज्याच्या हाती एक पट आहे त्याच्यावर कर्तव्याचे ओझे सारखेच टाकणे याला समता म्हणता येणार नाही. हत्तीला आणि शेळीला एकच साखळी बांधण्यासारखे ते आहे. हत्ती ती तोडील आणि शेळीला ती ओढवणार नाही.

मग सायकलवाल्याला सगळेच माफ करावे काय? तसेही नाही. माझ्या मते रहदारीचे नियम तीन राशींत वेगळे केले की हा गुंता सुटतो.

पहिली रास, एकमेकांवरच्या भरवशाच्या नियमांची. तांबड्या दिव्याला थांबणे, डाव्या बाजूने जाणे, उलट दिशेने न येणे, अंधारात दिवा लावणे, वळण्यापूर्वी हात दाखवणे आणि पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देणे. या नियमांचा वाहनाच्या वजनाशी संबंध नाही. समोरचा काय करील याचा अंदाज दुसऱ्याला आला पाहिजे, एवढाच त्यांचा अर्थ. गायनवर्गात शिकवताना मी मुलांना नेहमी सांगतो की मैफलीत गवई आलाप-ताना घेत कितीही दूर हिंडला, तबलजीने कितीही लग्गी-लडी लावली, तरी समेवर सर्वांना एकत्र यावेच लागते. सम कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून तर प्रत्येकाला मोकळेपणाने हिंडता येते. चौकातला दिवा ही रहदारीची सम आहे. तिथे गवयाला एक न्याय आणि तबलजीला दुसरा, असे चालत नाही.

आणि या राशीतले नियम मोडले तर फटका बसतो तो बहुधा सायकलवाल्याहूनही दुबळ्या माणसाला. कोठीहून बडीचौडीच्या भाजीबाजाराकडे निघालेली एखादी सत्तरीची आजी रस्ता ओलांडताना गाड्या ज्या बाजूने येतात त्याच बाजूला पाहते. उलट दिशेने येणारी मोटार निदान ऐकू तरी येते. सायकल मुकाट्याने येते. तिच्या साध्या धक्क्यानेही त्या वयात मांडीचे हाड मोडते आणि मग अंथरूण सुटत नाही. 'माझ्या सायकलीने कोण मेले' असे विचारणाऱ्याने या आजीचा विचार अवश्य करावा. दुबळेपणा हा सापेक्ष असतो. मोटारीपुढे सायकलवाला दुबळा, तसा सायकलीपुढे पादचारी दुबळा.

दुसरी रास, यंत्राच्या धोक्यातून जन्मलेल्या नियमांची. परवाना, क्रमांकाची पाटी, विमा, योग्यतेचा दाखला आणि हजारांच्या घरातला दंड हे सगळे यंत्राच्या जोरावर लगाम म्हणून आले. ते सायकलीला लावण्यात अर्थ नाही; लावले तर उलट हानी आहे. बारा वर्षांच्या मुलाला कोणाच्या परवानगीवाचून, कोणाच्या पैशावाचून शाळेत नेणारे वाहन सायकलीखेरीज दुसरे कोणते आहे? २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर कुटुंबांपैकी सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल होती, २१ कुटुंबांकडे स्कूटर किंवा मोटारसायकल होती आणि मोटार होती पाचांकडेसुद्धा नव्हे. त्या ४५ घरांतल्या पुष्कळांचे ते एकमेव वाहन. त्यावर परवान्याची रांग आणि विम्याचा हप्ता लादणे म्हणजे त्यांना सायकलीवरून खाली उतरवणेच. डोक्यावरच्या शिरस्त्राणाचेही तेच. ते घालावे, अवश्य घालावे, मुलांना तर घालायला लावावेच. पण ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताने १९९० साली सायकलस्वारांना त्याची सक्ती केली तेव्हापासून, सक्तीमुळे लोक सायकलच सोडून देतात काय, हा वाद तिथे धुमसत आहे. चांगली सवय आणि कायद्याची सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसऱ्या राशीकडे आपले सर्वांत कमी लक्ष जाते. ही रास उलट्या दिशेने वाहणाऱ्या नियमांची, म्हणजे जड वाहनाने हलक्या वाहनाला काय द्यावे, याची. इंग्लंडच्या रहदारीच्या संहितेत २९ जानेवारी २०२२ पासून हे तत्त्व स्पष्ट शब्दांत घातले गेले की ज्याच्या हातून अधिक हानी होऊ शकते त्याची जबाबदारी अधिक. हॉलंडात मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली तर भरपाईचा भार बहुतांशी मोटारवाल्यावर येतो. सायकलस्वार चौदा वर्षांच्या आतला असेल तर जवळजवळ सगळाच. आपल्याकडेही याचे बीज आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांत अशी तरतूद आहे की मोटारीच्या अपघातात कोणी मरण पावल्यास पाच लाख आणि गंभीर जखमी झाल्यास अडीच लाख रुपये, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मागता येतात. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आली. आपल्या घरी येणाऱ्या दूधवाल्याला, पेपरवाल्याला हे ठाऊक असते काय? आपण सुशिक्षित म्हणवतो. तेव्हा ते त्यांच्या कानी घालणे हे आपले काम आहे.

सायकलवाल्याला सिग्नलवर काही सवलत द्यावी असे म्हणणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे झिडकारण्याजोगे नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ सालीच असा कायदा केला की जेथे 'थांबा' अशी पाटी आहे तेथे सायकलस्वाराने वेग कमी करून, दोन्हीकडे पाहून, वाट मोकळी असल्यास न थांबता जावे. पॅरिसने २०१५ साली निवडक चौकांत खास पाटी लावून सायकलींना तांबड्या दिव्यातही उजवीकडे वळण्याची, आणि जिथे आडवा रस्ता नाही तिथे सरळ जाण्याची मुभा दिली. मात्र पायी चालणाऱ्याचा हक्क आधी. त्यामागे विचार आहे. थांबलेली सायकल पुन्हा गतीत आणायला अंगची मेहनत लागते, आणि मोटारींच्या आधी चौकातून निसटलेला सायकलस्वार त्यांच्या चाकांखाली सापडण्याचा संभव कमी.

पण ही सवलत आपल्या कोठीच्या, नामपल्लीच्या किंवा नारायणगुड्याच्या चौकात जशीच्या तशी आणावी असे मला वाटत नाही. जिथे मोटारवाला पादचाऱ्यासाठी आपण होऊन थांबतो, तिथे सायकलवाल्याला सूट देणे सोपे. आपल्याकडे आज सायकलीला मोकळी केलेली फट उद्या स्कूटरची, परवा रिक्षाची आणि तेरवा मोटारीची होईल. आधी सर्वांना समेवर येऊ द्या; मग कोणाला कुठे मोकळीक द्यायची ते पाहता येईल. कच्च्या तालाच्या विद्यार्थ्याला गुरू लयकारी शिकवत नाही, ती शिकवू नये म्हणून नव्हे, तर तिची वेळ यायची असते म्हणून.

आता सायकलवाल्याची बाजू. तो उलट दिशेने येतो, हे आपण रोज पाहतो. तो तसा का येतो, हे मात्र आपण विचारीत नाही. अलीकडच्या वर्षांत या शहरातले अनेक चौक दुभाजकांनी बंद करून पुढे जाऊन वळून येण्याची व्यवस्था केली आहे. मोटारवाल्याला हा वळसा दोन मिनिटांचा. पेडल मारणाऱ्याला तोच वळसा उन्हात, चढावर, मागे सिलिंडर किंवा दुधाच्या किटल्या बांधून. उड्डाणपुलावर त्याच्यासाठी जागा नाही, पुलाखाली उभ्या केलेल्या गाड्यांची दाटी. डाव्या कडेने जावे असे नियम सांगतो. त्या डाव्या कडेलाच बस थांबते, रिक्षा उभी राहते, मोटारीचे दार अवचित उघडते आणि गटाराचे झाकण खचलेले असते. ज्या नियमाला पाय ठेवायला जागा नाही तो नियम पाळा असे सांगणे सोपे. पाळायला जागा देणे हे राज्यकर्त्यांचे काम.

जागा देण्याऐवजी काढून घेतल्याचे उदाहरणही आपल्या देशात आहे. कलकत्त्याच्या पोलिसांनी २०१३ साली शहरातल्या दीडशेहून अधिक रस्त्यांवर सायकलींना बंदी केली, आणि त्याविरुद्ध पुष्कळ ओरड झाली. कारण रहदारीची कोंडी सांगितले गेले. परंतु कोंडी करणाऱ्याला रस्ता आणि कोंडी न करणाऱ्याला दंड, हा न्याय मोठा अजब म्हणावा लागेल. 'नियम सर्वांना सारखे' या घोषणेचा शेवट कित्येकदा असा होतो. कर्तव्य सारखे, हक्क मात्र नाही.

आपल्या शहराने उलट दिशेने एक पाऊल टाकले आहे, हे कबूल केले पाहिजे. बाह्यवळण रस्त्याच्या कडेने २३ किलोमीटर लांबीचा सायकलमार्ग बांधून १ ऑक्टोबर २०२३ रोजी खुला झाला. नानकरामगुड्याहून पोलीस अकादमीकडे एक फाटा आणि नारसिंगीहून कोल्लूरकडे दुसरा. वर सौरपट्ट्यांचे छप्पर आहे, त्यामुळे सावलीही मिळते आणि वीजही. काम नेटके आहे. रविवारच्या सकाळी तिथे जाणारी तरुण मंडळी आनंदाने परत येतात. पण बेगम बाजारातून सामान वाहणाऱ्या सायकलवाल्याला, चारमिनारजवळच्या कारागिराला, काचीगुड्याच्या पेपरवाल्याला त्या मार्गाचा काय उपयोग? त्यांचा रस्ता शहराच्या पोटातून जातो. छप्पर नको, सौरपट्ट्या नकोत. कोठीपासून नारायणगुड्यापर्यंत हातभर रुंदीची, गाड्या उभ्या नसलेली डावी कड मिळाली तरी ते दुवा देतील.

ती कड मिळेल तेव्हा मिळेल; तोवर आपण काय करायचे? आपल्या घरांत आज सायकल आहे ती बहुधा मुलांची. तिला घंटी आहे, ब्रेक लागतो, पुढे दिवा आणि मागे तांबडी काच आहे, एवढे बघणे हे वडीलधाऱ्यांचे काम. संध्याकाळी शिकायला येणाऱ्या मुलांच्या सायकली मी दाराशी पाहतो. गिअर असतात, झोकदार रंग असतो, पाण्याची बाटली असते आणि दिवा तेवढा नसतो. पूर्वी डायनॅमोच्या दिव्यासाठी हट्ट धरावा लागे. आज चिमूटभर किमतीत उत्तम दिवा मिळतो आणि तो कोणी लावीत नाही. मुलांना वळताना हात दाखवायला शिकवावे. चौक रिकामा असला तरी तांबड्या दिव्याला थांबायला शिकवावे, पोलीस पाहतो म्हणून नव्हे, आजी रस्ता ओलांडते म्हणून.

आणि आपण मोटारीत बसलो असू तेव्हा आपल्या हाती दीडशे पट जोर आहे हे विसरू नये. दार उघडण्यापूर्वी आरशात पाहावे. सायकलच्या शेजारून जाताना हातभर नव्हे, चांगले पुरुषभर अंतर ठेवावे. त्याला खड्डा चुकवायचा असतो आणि खड्डा आपल्याला दिसत नसतो. मागून कर्णा वाजवून त्याचा तोल घालवू नये. पावसाळ्यात त्याच्या अंगावर चिखल उडवून पुढे निघून जाऊ नये. यासाठी कोणताही नवा कायदा लागत नाही.

तेव्हा ओसरीवरच्या त्या वादाचा माझ्यापुरता निकाल असा. दिवा सर्वांना तांबडा, डावी बाजू सर्वांना डावी, अंधार सर्वांना अंधार. येथे सायकलवाल्याने सवलत मागू नये. परवाना, विमा आणि जबर दंड ज्याच्या हाती यंत्र आहे त्याच्याकडे राहावेत. येथे मोटारवाल्याने कुरकुर करू नये. आणि टक्कर झालीच, तर पहिला प्रश्न जड वाहनाला विचारावा. कोठीच्या चौकात सकाळी सहाला दुधाच्या किटल्या घेऊन एक सायकल तांबड्या दिव्याशी थांबते आणि तिच्यामागे एक मोटार कर्णा न वाजवता थांबते, असे दृश्य अधूनमधून दिसते. ते रोज दिसू लागले की या वादाला विषयच उरणार नाही.